सानुग्रह

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराचं पाणी उतरल्यावर आम्ही वाडीकर एका शाळेच्या व्हरांड्यात रांग लावून उभे होतो. हातात आधार कार्डाची झेरॉक्स, पासबुकाची झेरॉक्स, पायाला अजून गाळ. टेबलावरच्या यादीवर लिहिलं होतं, 'सानुग्रह अनुदान'. माझ्या पुढचे आजोबा ते वाचून म्हणाले, "अनुग्रह महाराजांचा ऐकलाय आयुष्यभर. आता कचेरीचा पण घ्यायचा म्हणायचं." रांग हसली. मीही हसलो.

बाहेरगावच्या मित्रांसाठी सांगतो. नृसिंहवाडी हे दत्ताचं ठिकाण. कृष्णा-पंचगंगेचा संगम. नृसिंह सरस्वती इथं बारा वर्षं राहिले असं आम्ही मानतो, त्यांच्या पादुका इथं आहेत. आमच्याकडं अनुग्रह म्हणजे गुरूनं शिष्यावर केलेली कृपा. तिच्यावर दावा लावता येत नाही, अपील करता येत नाही. मिळाली तर डोकं टेकवून घ्यायची. नदीचं पाणी पादुकांवरून वाहून दक्षिण दारातून बाहेर पडलं की तो दक्षिणद्वार सोहळा, त्या पाण्यात आम्ही भक्तिभावानं अंघोळ करतो. तेच पाणी आणखी चढून घरात शिरलं की पूर. देवळात कृपा मागावी, ते बरोबरच आहे. पण घर गेलेल्या माणसाला सरकार पैसे देतं ती कृपा कशी? ते पैसे काय कुणाच्या खिशातले होते?

हे आज आठवायचं कारण वेगळंच. परवा गावच्या ग्रुपवर एका पोरानं मला लिहिलं, "काका, तुम्ही पण लिबरल झाला काय?" पुढं तो दात काढणारा इमोजी. म्हणजे शिवीच होती ती. पोरगं आपलंच आहे, राग नाही. पण ग्रुपवर दोन ओळीत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून इथं लिहितोय. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

पहिली अडचण शब्दाचीच आहे बघा. लिबरलला मराठीत आपण 'उदारमतवादी' म्हणतो. उदार म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कर्ण येतो. सढळ हाताचा, मोठ्या मनाचा, देणारा. मूळ लॅटिन शब्द 'लिबेर', त्याचा अर्थ मोकळा, कुणाचा गुलाम नसलेला. म्हणजे तिकडं गोष्ट घेणाऱ्याच्या मोकळेपणाची होती, आपल्याकडं ती देणाऱ्याच्या मोठेपणाची झाली. माझ्या मते मराठी उदारमतवादाचा दीडशे वर्षांचा सगळा घोळ आणि सगळी कमाई या एका फरकात आहे. कोण कुणाला उदारपणे काय देतं, की ज्याचं त्याला हक्कानं मिळतं?

औदार्य आपल्या भागात भरपूर आहे, ते काही कमी लेखायचं नाही. आमच्या दत्तमंदिराला शिखर नाही, आणि ते विजापूरच्या आदिलशहानं बांधून दिलं असं घराघरांत सांगतात. नदीपलीकडं कुरुंदवाडला पाच मशिदींत गणपती बसतो. मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले तर पीर आणि गणपती एका छताखाली. टीव्हीवाले येऊन शूटिंग करून जातात, आम्हाला पण छाती फुगल्यासारखं होतं. पण मनाचा मोठेपणा हा मनावर अवलंबून असतो. जून २०२३ मध्ये मोबाईलच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली, तेव्हा दोन दिवसांत किती मनं किती लहान झाली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या दोन दिवसांत ज्याचं दुकान चौकात होतं, त्याला शेजाऱ्याचा मोठेपणा नव्हे, पोलीस आणि कायदा हवा होता.

आता इतिहासाकडं येतो. जॉन लॉक, मिल ही इंग्रजांची नावं, आपला काय संबंध, असं त्या पोराला वाटत असणार. तर गड्या, कृष्णेच्या वरच्या अंगाला जा. कराडजवळ टेंभू. आज टेंभू म्हटलं की पाण्याची योजना आठवते. त्या टेंभूत १८५६ मध्ये गोपाळ गणेश आगरकर जन्मले. मिल, स्पेन्सर वाचून पचवलेला हा गरीब घरचा माणूस तुरुंगात गेला तो कोल्हापूरच्या राजासाठी! शिवाजी महाराज (चौथे) हे कोल्हापूरच्या गादीवरचे तरुण राजे. त्यांना वेडं ठरवून त्यांचा छळ चाललाय, असा आरोप 'केसरी' आणि 'मराठा'नं दिवाण माधवराव बर्व्यांवर केला. आरोपाचा आधार असलेली पत्रं कोर्टात खोटी ठरली. जुलै १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते सुटले. खटल्याच्या वेळी त्यांना जामीन राहिले रामशेट उरवणे, आणि त्यांना पुढं करणारे होते जोतीराव फुले. म्हणजे ज्यांचं पुढं एकमेकांशी पटलं नाही अशी तीन माणसं त्या एका कोल्हापूर प्रकरणात एका बाजूला होती. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. बातमी चुकली होती. पण सत्तेबद्दल लिहिणाऱ्याच्या मागं उभं राहायचं, हे जोतीरावांनी बातमीची खातरजमा करून ठरवलं नव्हतं.

पुढच्याच वर्षी ते दुर्दैवी राजे अहमदनगरला वारले. १८८४ मध्ये त्या गादीवर कागलच्या घाटग्यांचा मुलगा दत्तक आला. तेच आपले शाहू महाराज. त्यांच्याकडं परत येतो.

आगरकर तुरुंगात टिळकांशी रात्र रात्र वाद घालत, बाहेर आल्यावरही तो वाद संपला नाही. आधी स्वराज्य की आधी समाजसुधारणा, असं आपण शाळेत शिकलो. मला वाटतं प्रश्न त्याहून खोल होता. आगरकरांना म्हणायचं होतं की माणसाला दाबणारं फक्त सरकार नसतं. जात दाबते, भाऊबंद दाबतात, 'लोक काय म्हणतील' दाबतं. इंग्रज उद्या गेला तरी विधवेच्या डोक्यावरचा वस्तरा कोण थांबवणार? १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. पुण्याच्या सनातन्यांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांच्या घरावरून नेली. १८९५ मध्ये, चाळीशीच्या आत, हा माणूस दम्यानं गेला.

'सुधारक'चा इंग्रजी भाग लिहायला एक तरुण होता, गोपाळ कृष्ण गोखले. त्यांचं शिक्षण कागल-कोल्हापुरात झालेलं, काही काळ राजाराम कॉलेजात. आणि गोखल्यांचे गुरू न्यायमूर्ती रानडे, त्यांचंही बालपण कोल्हापुरात, वडील संस्थानच्या नोकरीत. म्हणजे अख्ख्या हिंदुस्थानचं नेमस्त राजकारण ज्यांच्या नावानं ओळखलं जातं ते गुरू-शिष्य दोघंही पंचगंगेचं पाणी प्यायलेले. आपल्याला हे कुणी सांगत नाही. तिथं रंकाळ्यावर भेळ खाऊन आपण परत येतो.

रानड्यांबद्दल मला आदर आहे आणि रागही आहे. सार्वजनिक सभेतून दुष्काळाचे आकडे गोळा करून सरकारपुढं ठेवणारा, शेतकऱ्याच्या कर्जाचा अभ्यास करणारा एवढा मोठा माणूस. पण विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी पहिली पत्नी वारल्यावर १८७३ मध्ये वडिलांच्या शब्दाखातर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून बोभाटा झाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि शेवटी रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. हायकोर्टाच्या पायरीवर पोचलेला माणूस, आणि एक कप चहासाठी प्रायश्चित्त! (त्याच रमाबाईंना शिकवून त्यांनी उभं केलं, सेवासदन त्यांच्या हातून वाढलं, हेही खरं. माणसं अशीच असतात.)

फुल्यांनी ही मेख आधीच ओळखली होती. १८८५ मध्ये रानड्यांनी ग्रंथकार सभेचं आमंत्रण धाडलं, तेव्हा जोतीरावांनी उत्तर पाठवलं. त्याचा मतलब असा, की जे सर्वांना मानवी हक्क मनापासून देत नाहीत त्यांच्या सभेत आमचं काय काम. लक्षात घ्या, १८८५ साली मराठीत 'हक्क' हा शब्द. फुल्यांनी तरुणपणी टॉमस पेनचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक वाचलं होतं. 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्या लोकांना. पुण्याचे सुधारक खालच्या माणसाला वर घ्यायला तयार होते. फुल्यांचं म्हणणं, तुम्ही घेणारे कोण?

आता शाहू महाराज. १८९४ मध्ये कारभार हाती आला तेव्हा संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. १८९९ मध्ये पंचगंगेवर कार्तिकस्नानाला गेलेल्या राजालाच 'तुम्हाला वेदोक्त मंत्र नाहीत' असं ऐकावं लागलं. तीच पंचगंगा, जी खाली येऊन आमच्या घाटाला लागते. २६ जुलै १९०२ ला रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासवर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं, मूल शाळेत नाही घातलं तर दरमहा एक रुपया दंड. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी पोरं एका शाळेत. आणि चहा! कोल्हापुरात गंगाराम कांबळ्यांना महाराजांनी हॉटेल काढून दिलं आणि भर रस्त्यात तिथला चहा प्यायले, बरोबरच्यांनाही पाजला. पुण्याचा चहा आणि कोल्हापूरचा चहा शेजारी ठेवून बघा म्हणजे फरक कळेल.

इथं एक गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक गोखल्यांनी १९११ मध्ये कलकत्त्याला कौन्सिलमध्ये आणलं होतं. तेही बिचकत बिचकत, सगळीकडं एकदम नाही, जिथं जमेल तिथं. १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. विरोधात सरकार होतं, आणि आपलेही काही मोठे लोक होते. पाच वर्षांनी शाहू महाराजांनी एका हुकमानं ते करून दाखवलं. मग माणूस म्हणणारच ना, कशाला हवी ती सभा, चर्चा, मतदान? एक खमका राजा द्या. हे आजही कट्ट्यावर रोज ऐकू येतं. 'एक माणूस पाहिजे बघ, सरळ करणारा.' आणि दाखला शाहू महाराजांचा.

मी त्यांना एवढंच सांगतो की नदी ओलांडा. शाहू महाराजांचा शिक्षणाचा कायदा त्यांच्या हद्दीपुरता. पलीकडं कुरुंदवाड पटवर्धनांचं, सांगली, मिरज पण पटवर्धनांची, इचलकरंजी आणखी कुणाची. पोहत जाता येईल एवढ्या अंतरावर राजा बदलायचा, आणि राजा बदलला की पोराच्या नशिबातली शाळा बदलायची. चांगला राजा मिळणं हाही एक प्रकारचा अनुग्रहच. शाहू महाराज १९२२ मध्ये गेले, अवघे ४७ वर्षांचे. त्यांना स्वतःला हे कळत होतं असं मला वाटतं, कारण मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत (आपल्या शेजारच्या हातकणंगले तालुक्यातलं माणगाव) त्यांनी लोकांना सांगितलं की तुमचा पुढारी तुम्हाला मिळालाय, आणि आंबेडकर नावाच्या एका तरुण प्राध्यापकाकडं बोट दाखवलं. राजानं प्रजेला आपल्याकडं बघायचं सोडून दुसरीकडं बघायला सांगावं, हे रोज घडत नाही.

त्या तरुणानं पुढं २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत शेवटचं मोठं भाषण केलं. त्यात त्यांनी मिलचाच हवाला दिला. कितीही मोठा माणूस असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायावर वाहू नका. आणि पुढं म्हणाले त्याचा आशय असा, की धर्मात भक्तीनं मुक्ती मिळत असेल, राजकारणात भक्ती अधोगतीकडं नेते आणि शेवटी हुकूमशाहीकडं. मी वाडीचा माणूस. भक्ती म्हणजे काय ते मला कुणी शिकवायची गरज नाही, आमच्या गावाची चूलच भक्तीवर पेटते. पेढ्याच्या दुकानापासून नावेपर्यंत. म्हणूनच सांगतो, पालखीपुढं चालणारा माणूस जेव्हा तसाच पुढाऱ्याच्या गाडीपुढं चालतो, तेव्हा त्यात महाराजांचाही मान राहत नाही आणि लोकशाहीचाही.

आणि हो, त्या समितीत आपल्या शिरोळ तालुक्याचा माणूस होता. निमशिरगावचे रत्नाप्पाण्णा कुंभार. १९३९ मध्ये माधवराव बागलांबरोबर त्यांनी कोल्हापुरात प्रजापरिषद उभी केली, शाहूंच्याच संस्थानात 'प्रजेला जबाबदार राज्यकारभार द्या' म्हणून लढले, वर्षानुवर्षं भूमिगत राहिले. राज्यघटनेच्या मूळ प्रतीवर त्यांची सही आहे. आपल्या पोरांना हे नाव साखर कारखान्यामुळं माहीत असतं, त्या सहीमुळं नाही. मला उलटं हवं होतं.

राज्यघटना आली, 'सानुग्रह'चं 'हक्का'त रूपांतर कागदावर झालं. ते टिकलं किती? दीड वर्षही नाही. मे १९५० मध्ये सुप्रीम कोर्टानं एका डाव्या नियतकालिकाच्या आणि एका उजव्या साप्ताहिकाच्या बाजूनं निकाल दिले. दोघांची गळचेपी सरकारनं चालवली होती. १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली, बोलण्याच्या स्वातंत्र्यावरची बंधनं वाढली, आणि नववं परिशिष्ट आलं. त्यात टाकलेल्या कायद्यांविरुद्ध मूलभूत हक्कांच्या नावानं कोर्टात जाता येणार नाही अशी सोय. सुरुवातीला १३ कायदे होते, पुढं २८४ झाले. हेतू चांगला होता. जमीनदारी मोडायलाच हवी होती, आणि तेव्हा कायदामंत्री खुद्द बाबासाहेब होते, त्यांनी दुरुस्तीची बाजू मांडली. मालमत्तेचा मूलभूत हक्कच १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं गेला. जमीनदारासाठी केलेलं कुलूप शेवटी शेतकऱ्याच्या दाराला लागलं असं शरद जोशी म्हणत, आणि ऊसवाल्या गावात राहून मला ते पटत गेलं.

शरद जोशी हा मराठीतला शेवटचा मोठा लिबरल, पण त्यांना कुणी तसं म्हणत नाही. स्वित्झर्लंडमधली पोस्टाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेतली नोकरी सोडून आले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, तोट्याचा हिशोब मांडला आणि कांद्यापासून सुरुवात केली. घोषणा काय होती? भीक नको, घामाचा दाम हवा. आता या घोषणेत आणि जोतीरावांच्या त्या पत्रात मला तरी फरक दिसत नाही. सबसिडी नको, कर्जमाफीचे उपकार नकोत, फक्त आमच्या मालाच्या वाटेतून बाजूला व्हा. निर्यातबंदी उठवा, झोनबंदी उठवा. नव्या पोरांना झोनबंदी माहीत नसेल. माझा ऊस, माझं रान, माझं कर्ज, आणि तो कुठल्या कारखान्याला घालायचा हे मात्र सरकार ठरवणार. १९८६ मध्ये त्यांनी चांदवडला लाखो बायका जमवल्या, पुढं लक्ष्मीमुक्तीत शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावावर केला. पुण्यामुंबईच्या लिबरल लोकांना शरद जोशी बाजारवाले वाटले, आणि शेतकऱ्यांना लिबरल हा शब्दच कधी कळला नाही. निवडणुकीत त्यांचा स्वतंत्र भारत पक्ष काही चालला नाही.

आपल्या शिरोळमध्ये संघटनेचा वारसा राजू शेट्टींच्या स्वाभिमानीनं वेगळ्या वाटेनं नेला. जयसिंगपूरची ऊस परिषद, दरवर्षीचा आकडा. एफआरपी चौदा दिवसांत द्यायची, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज, हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम आंदोलनानंच लोकांच्या तोंडी झाला. शरद जोशींचे जुने चेले म्हणतात, सरकारनं भाव ठरवायचा हीच मुळात चूक. असेल. पण चौदा दिवसांचा नियम तोंडपाठ असलेला शेतकरी चेअरमनच्या पाया पडत नाही, एवढं मी डोळ्यानं पाहिलंय. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं परराज्यात ऊस न्यायला बंदी घातली, तेव्हा सीमेवरचे आपलेच लोक उठले. पलीकडं कर्नाटकातल्या कारखान्याला ऊस जातो, दर बरा मिळतो, तुम्ही कोण अडवणारे? काही दिवसांत आदेश मागं घ्यावा लागला. त्यात त्या ग्रुपवरच्या पोराचे वडील पण होते. त्या दिवशी ते लिबरल होते, कुणी त्यांना सांगितलं नाही इतकंच.

पुढचं काय, असं विचाराल तर लिबरल पक्ष वगैरे आपल्याकडं उभा राहील असं मला वाटत नाही. नेमस्तांचा लिबरल फेडरेशन १९१८ मध्ये निघाला आणि विरून गेला, राजाजींचा स्वतंत्र पक्ष १९५९ मध्ये निघाला आणि पंधरा वर्षांत संपला. पण गोष्टी चोरपावलांनी आल्या. माहितीचा अधिकार २००५ मध्ये आला. २०१५ मध्ये महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा आला, दाखला किती दिवसांत द्यायचा हे कचेरीला बांधून दिलं. 'हक्क' हा शब्द कायद्याच्या नावातच. आता पुढची पायरी मला दिसते ती पाण्याची. अलमट्टीची उंची वाढणार म्हणून आपण सगळे घाबरलोय. कोयनेतून किती सोडलं, राजापूर बंधाऱ्याला किती फूट आहे, अलमट्टीतून किती जातंय, हे आकडे पूर आला की आपण कुणाच्या तरी ओळखीनं, फॉरवर्डवरून मिळवतो. ते वेळेत, सरकारी शिक्क्यासह, प्रत्येक घरात यायला हवेत. आणि नुकसानभरपाई पंचनाम्यावर, ठरलेल्या दरानं, ठरलेल्या दिवसांत, अपिलाच्या सोयीसह. 'सानुग्रह' हा शब्द त्या यादीवरून काढला तरी पुरे, सुरुवात म्हणून.

दुसरी बाजू अवघड आहे. आगरकरांची प्रेतयात्रा काढली, पण आगरकर घरी बसून दुसऱ्या दिवशीचा अग्रलेख लिहू शकले. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात सकाळी फिरायला गेलेल्या गोविंद पानसऱ्यांना गोळ्या घातल्या. ते कम्युनिस्ट होते, लिबरल नव्हते, त्यांची अर्धी मतं मला पटत नसत. शरद जोशींनाही पटली नसती. त्याचा इथं काही संबंध नाही. जोतीरावांनी उरवण्यांना जामीन राहायला सांगितलं तेव्हा टिळकांची मतं तपासली होती काय?

आणि तिसरी बाजू आगरकरांची, घरातली. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला. नवरा वारला की बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र, जोडवी काढायची नाहीत. कोरोनात ऐन तरुण माणसं गेली होती, घरोघरी तो प्रसंग पाहिलेला होता. महाराष्ट्रातली पहिली ग्रामपंचायत. राज्य सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकीच्यांना तसं करायला सांगितलं. टेंभूचं पाणी हेरवाडला पोचायला सव्वाशे वर्षं लागली. आम्ही पेपर वाचून खूश.

माझी आत्या शेजारच्या गावात असते. काका जाऊन बावीस वर्षं झाली. ठरावाची बातमी घेऊन मी मोठ्या उत्साहानं तिच्याकडं गेलो, म्हटलं, आत्या, आता घाल बांगड्या, गावच म्हणतंय. तिनं पेपर बाजूला ठेवला. म्हणाली, "काढताना मला विचारलं नव्हतं. आता घाल म्हणताना पण गावच ठरवणार व्हय?"

मला उत्तर सुचलं नाही. चार-पाच महिन्यांनी गेलो तर हातात दोन हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. घरात असली की घालते. लग्नकार्याला जाताना काढून ठेवते. का काढतेस, असं मी विचारलेलं नाही.